भरतीवर भरती

२ सप्टेंबर १९७९

बेटावर पोचलो. येताना होडीत माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं आणि ते अख्ख्या नाटकमंडळीने पाहिलं, त्यामुळे ओळखी व्हायला वेळ लागला नाही. माझी यी-यी मात्र होडीच्या टोकाशी बसून शेंगा खात होती. चार वर्षांची पोर, बापावर गेलीय.

माझा नवरा किन दरवर्षी तिथीच्या सातव्या महिन्यात, म्हणजे पितरांच्या महिन्यात, अशा मंडळींबरोबर बेटाबेटांवर हिंडतो. कोलांट्या, तलवारी, रडत पळून जाणारे सैनिक, असली दुय्यम कामं. मी या खेपेला पहिल्यांदाच आले. आमच्या केसांच्या टोपांच्या कारखान्यात सध्या काम नाही, आणि वेशांच्या पेट्या सांभाळणाऱ्या साम-कूला हाताखाली बाई हवी होती. साम-कू म्हणजे तिसरी आत्या. ती कोणाचीच आत्या नाही, पण मंडळीतले म्हातारेसुद्धा तिला तसंच म्हणतात. तिला माझं काम पसंत पडलं तर कायमची ठेवून घेईल. मग कारखान्याचं तोंड पाहायला नको.

मांडव नेहमी देवळापुढे उभा राहतो म्हणे. गेल्या महिन्याच्या तुफानाने ती जागाच खाल्ली, म्हणून यंदा तो बेटाच्या मागच्या अंगाला, गोट्यांच्या किनाऱ्यावर बांधलाय. नवी जागा म्हटल्यावर साम-कूचं तोंड आंबट झालं. का, ते विचारलं तर म्हणाली, "कामाला लाग." या महिन्यात ही माणसं अर्ध्या गोष्टी बोलतच नाहीत. आमच्या गावात सण-बिण सगळं बंद होतं, कम्यूनमध्ये अगरबत्ती लावली तरी सभा भरायची. त्यामुळे काय बोलायचं नाही हेही मला ठाऊक नसतं.

मांडवामागे उभं राहिलं की आखातापलीकडचे डोंगर दिसतात. ते आमचे डोंगर. सात वर्षांपूर्वी तिथून पळून यायला मी आणि ताई पाण्यात उतरलो होतो. दोघींच्या मनगटांना एकच दोरी, गळ्यात फुगवलेले चेंडू. उजाडलं तेव्हा मी एकटी इकडच्या खडकावर होते. दोरी मध्येच कुठेतरी तुटली. ताई दुसऱ्या कुठल्यातरी किनाऱ्याला लागली असणार. ती माझ्याहून चांगली पोहते. मी अजून प्रत्येक बाजारात बायकांचे चेहरे बघत चालते. किन म्हणतो, एक दिवस कोणीतरी कानाखाली देईल.

माझं बोलणं ऐकून साम-कूने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं शहरात राहून अजून जात्यात खडे घातल्यासारखी बोलतेस. नवऱ्याला कळतं तरी का?"

"त्याला कळून घ्यायचं नसतं तेव्हा कळत नाही," मी म्हटलं. तेव्हा ती हसली. रोज एक चांगला शब्द शिकवीन म्हणाली. म्हणून ही वही.

३ सप्टेंबर

आज दुपारी पांढऱ्या वाघाचा विधी झाला. नव्या जागेवर पहिल्या खेळाआधी तो करावाच लागतो. किन वाघ झाला होता. वाघ येतो, टांगलेलं कच्चं मांस ओढतो, मग काळ्या तोंडाचा सेनापती त्याला चोपतो आणि जबड्यात साखळी घालून त्याच्यावर बसून आत नेतो. पहिली झांज वाजल्यापासून वाघ आत जाईपर्यंत कोणीही तोंडातून आवाज काढायचा नाही. साम-कूने यी-यीच्या गालात भली मोठी साखरेची गोळी कोंबली आणि माझ्यावर बोट रोखलं. "तूसुद्धा. शिंक आली तर गीळ."

गिळलीच असती. पण वाघ मांसाकडे झेपावला तेवढ्यात मागून, किनाऱ्याकडून, हाक आली. "युनमोई!"

हे नाव इथे कोणाला ठाऊक नाही. सगळे मला आ-वान म्हणतात, किनसुद्धा. युनमोई म्हणणारी जगात दोनच माणसं. त्यातली आई गेली.

माझ्या तोंडून "ओ ताई" निघून गेलं आणि मी वळून पाहिलं.

मागे गोटे, उरलेले बांबू आणि पाणी. झांजा थांबल्या नाहीत. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि सगळे मुद्दाम पाहत नव्हते हे मला कळत होतं. वाघ आत आला. किनने मुखवटा काढला, खसाखसा तोंड धुतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याला मी रागावलेला पाहिलाय, दमलेला पाहिलाय. हा चेहरा नवा होता.

"तू ऐकलीस ना हाक?" मी विचारलं.

"कसली हाक? मी तुझी ओ ऐकली."

साम-कूने माझ्या आणि यी-यीच्या मनगटाला लाल दोरा बांधला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कामावर ठेवायचं आता विसरा.

पण मला काय त्याचं! ताई या बेटावर आहे. आहेच.

४ सप्टेंबर

पहिला खेळ. मी विंगेत वेश हातात घेऊन उभी, डोळे मात्र सगळे बाहेर. पहिल्या बाकड्यावर ती बसली होती. निळा सदरा, दोन वेण्या, खांदे जरा पुढे काढून बसायची तीच खोड. त्या बाकड्यावर दाटी इतकी की माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी, आणि सगळी कशी माना वर करून, मन लावून बघत होती. असे प्रेक्षक शहरात मिळत नाहीत.

किन लढाईत चार कोलांट्या जास्त मारून गेला. दर वेळी वाटायचं, आता झालं, याच्यापुढे काय करणार, की लगेच दुसरं काहीतरी. टाळ्यांनी बांबू हलत होते. खेळ सुटल्यावर मी पुढे धावले तर बाकडं रिकामं. त्याच्यावर खारं पाणी पसरलेलं, आणि गावचे लाय आजोबा ते न पुसता त्यापुढचे चहाचे कप गोळा करत होते.

"आजोबा, इथे निळ्या सदऱ्यातली बसली होती, ती कुठे राहते?"

त्यांनी कप खाली ठेवले. "पहिलं बाकडं पाहुण्यांचं, पोरी. त्यांच्या तोंडाकडे बघू नये." आणि निघून गेले. मोठे लोक असतील, वर्गणी देणारे. ताईने श्रीमंत घर बघितलं की काय!

किन तोंडावरचा रंग पुसत कुरकुरत होता. "आज माणसंच नव्हती. मागे म्हाताऱ्या तेवढ्या. कोणासाठी उड्या मारतोय कळेना."

"कानात कापूस घातला होतास का? टाळ्या ऐकू नाही आल्या?"

तो पुसता पुसता थांबला.

पेट्या आवरताना मी साम-कूला सांगायला गेले की मला फार आनंद झालाय, फार म्हणजे फार म्हणजे फारच. ती म्हणाली, "तुझ्याकडे एकच शब्द आहे का गं? घासून घासून भोक पडेल त्याला." मग आजचा शब्द दिला. कोउ-छिउ-तित-हेई. भरतीवर भरती उठते. एक रंग उतरायच्या आत दुसरा चढतो, बघणाऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळत नाही, तेव्हा म्हणायचं. माझ्याकडून तिने तो घोटून घेतला. तिसऱ्या अक्षराला माझी जीभ अडखळते.

"खेळाबद्दल म्हण, गोष्टीबद्दल म्हण, होड्यांच्या शर्यतीबद्दल म्हण," ती म्हणाली. "माणसाबद्दल म्हणायचं नाही."

"का? माणसाच्या आनंदाला भरती येत नाही?"

"येते आणि उतरते. उतरली नाही तर घर बुडतं."

५ सप्टेंबर

ताई भेटली! भेटली, भेटली, भेटली!

संध्याकाळी घामट झगे वाऱ्यावर टाकायला मी मांडवामागे गेले होते. ती गोट्यांवर उकिडवी बसलेली. मला बघून म्हणाली, "काय गो युनमोई, केवढी झालीस!" आमच्या बोलीत. इतक्या वर्षांनी ती बोली कानावर पडली आणि मी भोकाड पसरलं. ती रडली नाही. ती आधीपासूनच खंबीर.

तशीच्या तशी आहे गं बाई. एक सुरकुती नाही. आता माझ्याहून लहान दिसते, बेटाची हवा मानवली असणार. अंगावर तोच निळा सदरा, कोपरावरचं ठिगळ मीच लावलेलं. अजून वापरते, चिकट कुठली! केस ओले होते. कालवं काढून येतेस का विचारलं तर नुसती मान हलवली. हात धरला तर गारठलेला. मी धावत जाऊन माझ्या वाटणीचा भात आणला, तिने वाडग्याकडे बघितलं, फार वेळ बघितलं, पण घास घेतला नाही. "मला कोणी वाढलेलं नाय," म्हणाली. मी म्हटलं, हे काय, मी वाढतेय ना! तर म्हणे, "तसं नाय गो."

लग्न झालं का, कोण आहे घरी, मी शंभर प्रश्न विचारले. तिने एकच विचारला. "तुझी पोर कुठाय?" आणि जाताना म्हणाली, किनला सांगू नको. माणूस परका आहे तिला, लाजली असेल. मी वचन दिलं.

भात तसाच राहिला. मलाही खावासा वाटला नाही. कालपासून पोटात काही नाही तरी अंग पिसासारखं हलकं आहे, डोळा लागत नाही तरी थकवा नाही. साम-कूच्या सगळ्या झग्यांच्या फाटक्या कडा शिवून टाकल्या. ती कौतुक करेल म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "साम-कू, माझं काय झालंय सांगू? कोउ-छिउ-तित-हेई!" आणि सगळी अक्षरं बरोबर आली.

साम-कूने सुई माझ्या हातातून काढून घेतली.

६ सप्टेंबर

आज पंधरावी तिथी, मोठा दिवस. गावातल्या बायकांनी किनाऱ्यावर कागदाचे कपडे, कागदाच्या चपला जाळल्या. लहान लहान सदरे, किती सुबक. प्रत्येकीने आपापल्या माणसाचं नाव घेतलं आणि भात ठेवला. माझं असं कोणी नाही म्हणून मी नुसती पाहत उभी राहिले, आणि मला बरंच वाटलं.

यी-यी पाण्याकडे धावली तर लाय आजोबांनी तिला बखोटीला धरून परत आणलं. "या महिन्यात पोरांना पाण्यात पाठवू नये. आतल्यांना वर यायचं असतं. आपल्या जागी दुसरं कोणी बसवल्याशिवाय येता येत नाही."

मी म्हटलं, "आजोबा, शहरात असं रेशनच्या रांगेत असतं." ते हसले नाहीत. मग मी सहज विचारलं की टोकाकडे, वाळूच्या दांड्यापलीकडे, कोणाची घरं आहेत. माझी ओळखीची एक जण तिकडे राहते.

"तिकडे वस्ती नाही," ते म्हणाले. "पलीकडून पोहत येताना बुडालेले इथे लागायचे ना, ते तिथे पुरलेत. नावं कोणाला ठाऊक? आम्ही नुसते दगड ठेवले."

म्हाताऱ्याला धड दिसत नाही, ऐकू येत नाही. ताई रोज तिकडूनच येते, मी डोळ्यांनी बघते.

खेळ? पहिल्या बाकड्यावर आज तिळाएवढी जागा नव्हती.

७ सप्टेंबर

भांडण. मोठं भांडण. किन म्हणतो, उद्या सकाळच्या होडीने परत जा, पोरीला घेऊन.

"का? माझं काम वाईट आहे का? साम-कूला विचार!"

"आरशात बघितलंस का तू? चार दिवसांत गालफडं बसलीत. खात नाहीस, झोपत नाहीस, त्या गोट्यांवर बसून एकटीच बडबडतेस."

"एकटी?"

"एकटी, आ-वान."

मला हसू आलं. बिचारा. मी वचन दिलंय म्हणून, नाहीतर आत्ता हात धरून नेलं असतं आणि म्हटलं असतं, ही बघ तुझी मेहुणी, पड पाया. मी म्हटलं, शेवटच्या खेळापर्यंत राहू दे, मग जाते. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "मला भीती वाटते गं," म्हणाला. वाघ झालेला माणूस! मला त्याची दया आली, पण आत काही हललं नाही. काचेपलीकडून बघावं तसं वाटलं. हे इथे खरं लिहिते, कारण नंतर स्वतःचाच राग आला. किनवर मी फार जीव टाकते, मग हललं का नाही?

साम-कूने यी-यीला आपल्याजवळ झोपायला नेलं. मला विचारलंही नाही.

ताईने सांगितलंय, उद्या दुपारचा शेवटचा खेळ चालू असताना ओहोटी असेल. दांडा उघडा पडेल. यी-यीला घेऊन ये, पलीकडे माझं घर दाखवते. "मनगटं बांधून घेऊ गो, पहिल्यासारखी. ओढ असते तिथे." तिला सगळ्याची काळजी.

८ सप्टेंबर, सकाळी

लाल दोरा काचत होता म्हणून काढून टाकला. यी-यीचाही. पेटीतला लांब रेशमी पट्टा घेतलाय, परत आणून ठेवीन. इतका आनंद माणसाला पेलतो कसा, मला खरंच कळत नाही. साम-कू काही म्हणो, मला तो शब्द स्वतःबद्दलच म्हणायचाय.

१२ सप्टेंबर

घरी. ताप उतरला. किन कामावर जाताना वही उशाशी ठेवून गेला. त्याने ती वाचली नाही. "तुला वाटलं तर सांग," एवढंच म्हणाला. त्याला सांगण्याआधी इथे लिहिते, म्हणजे सांगताना चुकणार नाही.

त्या दुपारी खेळ सुरू झाल्यावर साम-कूची धांदल उडाली होती. यी-यी पेट्यांवर बसून प्रसादाची बशीएवढी वाफवलेली पोळी खात होती. मी तिला कडेवर घेतलं. "मावशीकडे जायचं," म्हटल्यावर ती पोळीसकट आली.

ताई दांड्याच्या तोंडाशी उभी होती. मी पट्ट्याचं एक टोक माझ्या आणि यी-यीच्या मनगटाला मिळून बांधलं, दुसरं टोक ताईने स्वतः बांधून घेतलं. आईने शिकवलेली निरगाठ. ती सोडवायला नखं पुरत नाहीत. मग आम्ही निघालो. ताई पुढे. मांडवातल्या झांजा ऐकू येत होत्या. पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला. मला वाटलं, ओहोटी ना, आत्ता उतरेल. ते उतरत नव्हतं. पोटाला लागलं तेव्हाही मी आनंदात होते. मी काही ऐकत नव्हते, कशाला घाबरत नव्हते. ताई मागे वळून पाहत नव्हती, आणि तिच्या चालण्याने पाणी हलत नव्हतं. हे मी तेव्हाही बघितलं होतं.

पाणी छातीशी आलं. यी-यीने माझ्या खांद्यावरून पुढे वाकून म्हटलं, "मावशी, तू जेवलीस का?"

इथे सगळे एकमेकांना हेच विचारतात. पोर रस्त्यात कोणालाही विचारते.

ताई थांबली. यी-यीने अर्धी पोळी तोडून हात लांब केला. "घे. ही माझी आहे, पण तुला देते. मावशी, खा."

ताई वळली. इतक्या दिवसांत मी तिचा चेहरा नीट बघितलाच नव्हता. तिने पोळी घेतली आणि खाल्ली. दोन्ही हातांनी तोंडात कोंबली, हुंदके देत खाल्ली. असं खाणं मी फक्त दुष्काळाच्या वर्षांत पाहिलंय, आम्ही लहान होतो तेव्हा. मग ती यी-यीकडे बघत राहिली. यी-यीची हनुवटी ताईसारखी आहे.

तिने माझं मनगट ओढून तोंडाशी नेलं. आणि निरगाठीत दात घातले.

तो दातांचा हिसका मनगटाला बसला आणि मला आठवलं. त्या पहाटे, काळ्या पाण्यात, माझ्या नाकातोंडात पाणी जात होतं आणि मी ताईला खाली ओढत होते, तेव्हा हाच हिसका बसला होता. हाच. दोरी तुटली नव्हती. तुटलेल्या दोरीचं टोक पिंजारलेलं असतं. माझ्या मनगटाला होतं ते सरळ होतं. मला ते दिसलं होतं, आणि मी सगळ्यांना तुटली म्हणून सांगत आले. ताईने स्वतःचे चेंडू माझ्या गळ्यात टाकले होते. खडकावर चढले तेव्हा माझ्या गळ्यात दोघींचे होते.

गाठ सुटली. ताईने मला छातीवर हात ठेवून मागे ढकललं. "जा गो," म्हणाली. "मागे बघू नको. ओ देऊ नको."

मी पाठ फिरवली. यी-यीला डोक्यावर धरलं. मागून तिने हाक मारली, युनमोई, युनमोई, आणि मी ओठ चावून धरले. रक्त आलं. ते तिने मुद्दाम केलं की तिला राहवलं नाही, मला माहीत नाही.

किन अर्ध्या रंगवलेल्या तोंडाने, चिलखतासकट पाण्यात शिरला होता. ऐन लढाईच्या प्रवेशात विंगेत आम्ही दिसलो नाही म्हणून खेळ टाकून धावला. त्यानंतरचं मला आठवत नाही. तो म्हणतो, मी हात पुढे करून पाण्यात एकटीच उभी होते, आणि रेशमी पट्टा सोडल्यासारखा लांब वाहत गेला.

परतीच्या होडीत माझं डोकं साम-कूच्या मांडीवर होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ माझे केस पुसत राहिली.

"न्यायलाच आली होती," ती म्हणाली. "तू बसली असतीस तिच्या जागी, तर ती सुटली असती. हातात आलेलं सोडून दिलं तिने."

"मग ती आता?"

"तिथेच."

"तिला भूक होती, साम-कू. कोणी वाढलं नाही म्हणाली."

"तू कधी वाढलंस?" साम-कूने विचारलं. आवाजात राग नव्हता. "कपडे जाळलेस? नाव घेतलंस?"

कसं घेणार? माझी ताई जिवंत होती ना. मी बाजारात चेहरे बघत होते. सात वर्षं सगळ्यांच्या गेलेल्या माणसांना भात मिळाला आणि माझी ताई त्या बाकड्यावर गर्दीत बसून दुसऱ्यांच्या वाडग्यांकडे बघत राहिली, कारण मला ती हवी होती. मी तिला मरू दिलं नाही आणि उपाशी ठेवलं.

मी खूप रडले. साम-कूने रडू दिलं.

१६ सप्टेंबर

महिना संपायच्या आत करायला हवं होतं. आज सुट्टी घेऊन किन आला, साम-कू आली. आमच्या गल्लीच्या टोकाला छोटं देऊळ आहे, मी रोज त्याच्यावरून जायचे. पुजाऱ्याने गेलेल्यांच्या नावाची कोरी पाटी घेतली, कुंचला ओला केला आणि विचारलं, "नाव?"

किनने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी पूर्ण नाव सांगितलं, आमच्या बोलीत, जसं आई म्हणायची तसं. त्याला अक्षर सापडेना, मी त्याच्या हातातून कुंचला घेऊन स्वतः लिहिलं. गाव लिहिलं. कधी गेली, ते लिहिलं.

निळा कागदी सदरा मी घरीच केला होता, कोपरावर ठिगळ न लावता. तो जळला. यी-यीने भात ठेवला आणि वर अख्खी पोळी, या वेळी अर्धी नाही. "मावशी, खा," म्हणाली.

बाहेर पडताना साम-कूने विचारलं की पुढच्या महिन्यात मंडळी उत्तरेकडच्या बेटांवर जाते आहे, यायचं का. झग्यांच्या कडा चांगल्या शिवतेस म्हणाली. मी म्हटलं, येईन. मग विचारलं, "साम-कू, भरतीवर भरतीला शब्द आहे. उतरते त्याला काय म्हणायचं?"

"त्याला कशाला शब्द हवा?" ती म्हणाली. "उतरली की माणसं घरी जातात, जेवतात."

घरी आले. मी दोन वाडगे भात खाल्ला. किनने न विचारता तिसरा वाढला.